टर्फ घालायचं का? आधी ते उलटून बघा

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा झाली. ठाण्यात घोडबंदर रोडवरची सोसायटी, चार टॉवर, मध्ये पोडियम, म्हणजे स्लॅबवरची मोकळी जागा. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्या पोडियमवर हिरवंगार लॉन होतं. आता तिथे टक्कल पडलंय. सभेपुढे विषय एकच: तिथे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, घालायचं का? कंत्राटदारानं वीतभर नमुना पाठवला होता, तो हातोहात फिरला. सगळ्यांनी वरून हात फिरवला, एकानं वास घेतला, दुसऱ्या विंगेतल्या आजोबांनी ‘मऊ आहे हो’ असा निर्वाळा दिला. उलटून मात्र कुणी बघितला नाही.

मी तो नमुना घरी घेऊन आले. आठ दिवस तो आमच्या जेवणाच्या टेबलावर होता.

ठाणे आणि नवी मुंबईत ‘टर्फ’ हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘टर्फ बुक केलंय, रात्री साडेनऊचा स्लॉट आहे, कॉन्ट्री पाठवा’ हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर आठवड्यातून एकदा येतोच. कोलशेत, मानपाडा, वाशी, नेरुळ, खारघर, कुठेही जा. जाळीचा पिंजरा, पांढरेफटक दिवे आणि आत हिरवा गालिचा दिसणारच. आता हा गालिचा सोसायट्यांत, शाळांत, हॉटेलांच्या भिंतींवर आणि लोकांच्या बाल्कन्यांतही शिरलाय. पण तो नेमका कशाचा असतो, उन्हापावसात त्याचं काय होतं आणि जुना झाला की कुठे जातो, हे विचारलं की सभेत सगळे एकमेकांकडे बघतात.

उलटून बघितल्यावर

नमुन्याची मागची बाजू काळी आहे. तिच्यावर गोधडीसारखे सरळ रेषेत टाके दिसतात आणि टाके सुटू नयेत म्हणून वर लॅटेक्सचा थर दिलेला आहे. ठरावीक अंतरावर भोकं आहेत, इडलीपात्राच्या ताटलीला असतात तशी. पाण्याला जायला वाट तेवढीच.

पुढची हिरवी पाती पॉलिएथिलीनची, म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीच्या कुळातल्या प्लास्टिकची. पिशवीचं प्लास्टिक मऊ असतं; हे जरा दणकट, वर उन्हानं कुजू नये म्हणून त्यात रसायनं मिसळलेली. पाती किती जाड, हे सांगायला या धंद्यात ‘डीटेक्स’ नावाचं माप आहे. दहा हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डीटेक्स. आकडा जितका मोठा तितका धागा भरदार. कोटेशनमध्ये हा आकडा नसेल तर साडीचा भाव सांगून सूत कुठलं ते न सांगितल्यासारखं आहे.

आमच्या नमुन्यात पात्यांच्या मुळाशी तपकिरी कुरळे धागेही होते. वाळलेल्या गवताचा आभास व्हावा म्हणून ते घालतात. दिसायला छान, पण इथेच मला शंका आली. असे कुरळे धागे सहसा शोभेच्या टर्फमध्ये असतात, खेळाच्या टर्फमध्ये नाही. कंत्राटदाराच्या पत्रात मात्र ‘मल्टी-स्पोर्ट’ लिहिलेलं होतं. शोभेचं टर्फ बघायला आणि कधीमधी बसायला असतं. त्यावर रोज संध्याकाळी पंधरा पोरं धावली तर वर्षभरात पाती झोपतात, आणि झोपलेली पाती परत उठत नाहीत.

खेळाच्या टर्फची पाती उभी राहतात ती भरावामुळे. देवघरातली उदबत्ती आठवा. नुसती उभी केली तर पडते. तांदळाच्या वाटीत खोचली की ताठ उभी राहते. टर्फमध्ये तांदळाचं काम वाळू आणि रबराचे काळे दाणे करतात. फुटबॉलच्या टर्फची पाती साधारण ४० ते ६० मिलिमीटर उंच असतात, पण त्यातलं वर दिसतं ते थोडंसंच. बाकीचं सगळं भरावात गाडलेलं. वाळू वजन देते, रबर उसळी देतं आणि पडणाऱ्याचा मार थोडा कमी करतं.

आणि या सगळ्याच्या खाली काय आहे, हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. चांगल्या मैदानात दाबलेल्या खडीचे थर असतात, त्यांना उतार असतो, कडेला नाली असते. घाईत उभारलेल्या टर्फखाली नुसता सिमेंटचा कोबा असतो. मग वर कितीही भारी गालिचा घाला, पडणाऱ्याला खाली काय आहे ते बरोबर कळतं.

हे आलं कुठून?

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात १९६५ मध्ये छप्पर असलेलं एक प्रचंड स्टेडियम उघडलं, अ‍ॅस्ट्रोडोम. छप्पर पारदर्शक होतं, आत खरं गवत होतं. पण दिवसा बेसबॉल खेळताना छपरातून येणाऱ्या उजेडानं खेळाडूंचे डोळे दिपायचे, उंच उडालेला चेंडू दिसायचाच नाही. म्हणून छपराला रंग फासला. उजेड गेला, आणि उजेडाबरोबर गवतही गेलं. १९६६ मध्ये तिथे मोन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं. त्याचं मूळ नाव केमग्रास. स्टेडियमवरून ते अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं. म्हणजे कृत्रिम गवताला पहिली मोठी प्रसिद्धी मिळाली ती सावलीत गवत जगेना म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे आमच्या पोडियमवर याच कारणाशी पुन्हा गाठ पडणार आहे.

आपल्याकडे हा शब्द पोचला तो हॉकीमुळे, आणि तोही दुखऱ्या आठवणीतून. १९७५ मध्ये क्वालालंपूरला गवतावर भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकमधली हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. सगळा दोष टर्फला देणं सोयीचं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. चेंडूचा वेग बदलला, दमसासाला महत्त्व आलं, आणि आपल्या पोरांना सरावाला तसं मैदानच नव्हतं, हे मात्र खरं. कुस्तीत मातीतल्या मल्लांना मॅटवर उतरावं लागलं, कबड्डीतही तेच झालं. खेळायची जमीन बदलली की जुनं कसब थोडं मोडीत निघतं.

मग आपल्याकडेच एवढी टर्फं का?

याचं उत्तर गवतात शोधू नका, घड्याळात शोधा.

मातीवरच्या खऱ्या गवताच्या मैदानाला विश्रांती लागते. बूट पडले की पाती तुटतात, माती दबते, मग गवताला सावरायला दिवस द्यावे लागतात. चांगली निगा राखलेलं मैदान आठवड्याला फार तर वीस-पंचवीस तासांचा खेळ सोसतं. पावसाळ्यात तर त्याहून खूपच कमी. जुलैत अशा मैदानावर एक सामना खेळा आणि दुसऱ्या दिवशी भात लावा. टर्फला असं काही लागत नाही. सकाळी सहा ते रात्री बारापर्यंत ते चालतं, सातही दिवस. समजा, तासाचे बाराशे रुपये आणि खेळणारे बारा जण. माणशी शंभर पडले. खेळणाऱ्याला परवडलं, मालकालाही परवडलं. चार-पाच गुंठ्यांच्या, कोर्टकज्ज्यात अडकलेल्या किंवा ‘बघू, पुढे बिल्डिंग बांधू’ म्हणून पडून राहिलेल्या जागेतून रोज पैसा सुटतो. मालक गवत विकत नाही, तास विकतो.

दुसरं कारण सावली. खेळाच्या मैदानांवर जगभर जे बर्म्युडा गवत वापरतात, ते म्हणजे आपली हरळी. होय, तीच दूर्वा, जी आपण गणपतीला वाहतो. ही हरळी चिवट असते, शेतकरी तिला वैतागतो इतकी चिवट, पण तिला दिवसातले सहा-सात तास थेट ऊन हवं. तीस मजली चार टॉवरांच्या मध्ये तिला सकाळचं जेमतेम दीड तास ऊन मिळतं. आमचे माळीकाका पहिल्या वर्षापासून सांगत होते, ‘ताई, सावलीत हरळी धरत नाही. तुम्ही दरवर्षी लॉन आणता आणि मी दरवर्षी उचलून टाकतो.’ आम्ही तीन वेळा लॉन आणलं. अ‍ॅस्ट्रोडोमवाल्यांनी एकदाच आणलं होतं.

आणि जागा. नवी मुंबईत सिडकोनं निदान सेक्टरमागे मैदानं आखली. ठाण्याच्या नव्या भागात पोरांना खेळायला उरतो तो टॉवरखालचा रस्ता, तिथे वॉचमनची शिट्टी. टर्फवर जाणाऱ्या मुलांना नावं ठेवण्याआधी हे आठवलेलं बरं.

दुपारी दोन वाजता

कोविडच्या दिवसांत घेतलेली, कपाळावर धरायची ती तापमानाची बंदूक आमच्या कपाटात पडून होती. मे महिन्यात ती घेऊन मी जवळच्या टर्फवर गेले. दुपारी दोनला अर्थात कुणीच खेळत नव्हतं. टर्फ सांभाळणारा मुलगा नेट दुरुस्त करत बसला होता. बंदूक गालिच्यावर धरली तर तिनं आकडाच दाखवला नाही, नुसतं ‘हाय’ असं उमटलं. म्हणजे तिच्या मोजण्याच्या पलीकडे. मुलगा हसला. म्हणाला, ‘चप्पल काढून उभ्या राहा ना मॅडम, आकडा कळेल.’

आकडे हवे असतील तर अमेरिकेत यूटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं २००२ मध्ये आपल्या मैदानावर घेतलेली मोजमापं आहेत. दिवसभरात टर्फचा पृष्ठभाग जास्तीत जास्त सुमारे ६९ अंश सेल्सियसपर्यंत गेला. खरं गवत मात्र सुमारे ३१ अंशांवर थांबलं. टर्फ डांबराच्या रस्त्यापेक्षाही गरम भरलं.

असं का होतं? खरं गवत घाम गाळतं. मुळांतून पाणी ओढून पानांतून वाफ सोडतं, आणि वाफ होताना उष्णता निघून जाते. माठातलं पाणी गार राहतं त्याच न्यायानं. प्लास्टिकच्या पात्याला घाम येत नाही. ऊन पडलं की ते तापतं, वर काळे दाणे असतील तर आणखी. गच्चीत राहिलेली प्लास्टिकची खुर्ची दुपारी बसायच्या लायकीची राहत नाही, तसंच.

‘पाणी मारलं की झालं,’ असं आमच्या सभेत एकजण म्हणाले. त्या विद्यापीठानं तेही करून बघितलं. पाणी मारल्यावर टर्फ झटकन थंड झालं, आणि वीस मिनिटांत पुन्हा जवळपास पहिल्याइतकंच तापलं. तिथली हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं. आपली हवा दमट. उन्हाबरोबर वाफारा मिळतो, तेवढाच फरक.

म्हणून रात्री दहाच्या स्लॉटला टर्फ बिनघोर वाटतं आणि शाळेच्या दुपारच्या पीटीच्या तासाला तेच टर्फ धोक्याचं असतं. लहान मुलं जमिनीच्या जवळ असतात, पडतात, बसतात, हात टेकतात. शाळेत टर्फ घातलं असेल तर मुख्याध्यापकांना विचारायचा पहिला प्रश्न ब्रँडचा नसावा. मार्च ते मे दुपारी मैदान बंद ठेवता का, हे विचारा.

ते काळे दाणे

माझा मुलगा टर्फवरून आला की थेट बाथरूममध्ये जातो आणि मोजे झाडतो. नहाणीच्या जाळीवर काळे दाणे जमतात, मोहरीएवढे. पूर्वी मी पाणी ओतून ते घालवायचे. आता कागदावर गोळा करून कचऱ्यात टाकते, कारण ते काय आहेत ते कळलं.

ते जुन्या टायरचे तुकडे आहेत. टायरमध्ये रबराबरोबर जस्त असतं, काजळी असते, तेलातली काही रसायनं असतात. त्यांतली काही कर्करोगाशी जोडली जातात. मग टर्फवर खेळल्यानं कर्करोग होतो का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं उत्तर ‘हो’ असं आहे. अभ्यासांतून निघणारं उत्तर इतकं सनसनाटी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२४ मध्ये आपला अहवाल पूर्ण केला. दाण्यांत ही रसायनं आहेत, पण खेळताना त्यांतली फार थोडी अंगात जाण्याची शक्यता दिसते, असा त्याचा सूर आहे. सोबत हेही म्हटलंय की हा आरोग्याच्या धोक्याचा संपूर्ण हिशोब नव्हे. युरोपनं तिकडे या रसायनांच्या एका गटावर २०२२ पासून कडक मर्यादा घातली: किलोमागे २० मिलिग्रॅम. तर घाबरून पोराला घरी बसवू नका. खेळून आल्यावर हातपाय धुवायला लावा, पाण्याची बाटली टर्फवर आडवी ठेवू देऊ नका, आणि रांगतं बाळ त्यावर सोडू नका.

मला जास्त काळजी त्या नहाणीची वाटते. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकच्या कणाला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, आणि हे दाणे त्यातच मोडतात. युरोपीय रसायन संस्थेच्या अंदाजानुसार तिकडच्या मैदानांवरून असे सुमारे १६ हजार टन दाणे दरवर्षी बाहेर पडतात. म्हणून युरोपीय संघानं २०२३ मध्ये नियम केला: आठ वर्षांची मुदत, त्यानंतर, ऑक्टोबर २०३१ पासून, असे दाणे भराव म्हणून विकायचेच नाहीत. जी मैदानं आहेत ती उखडा असं कुणी म्हटलेलं नाही. नवे दाणे मिळणार नाहीत, एवढंच. तिथे आता कॉर्कचा, म्हणजे बाटलीची बुचं करतात त्या सालीचा, भुगा, ऑलिव्हच्या बिया, नुसती वाळू असे पर्याय वापरात येताहेत.

आपल्याकडे पाऊस बघा. दोन-अडीच हजार मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. टर्फच्या कडेला साधा सहा इंचांचा कठडाही नसेल तर जुलैच्या एका सरीत दाणे नालीत, नालीतून नाल्यात, आणि नाला कुठे जातो ते ठाणेकराला सांगायला नको. नवी मुंबईत मध्ये पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव लागतात, मग खाडी. ही तीच ठाण्याची खाडी, जिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि जिथे आपण फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो. ते गुलाबी पक्षी चिखल गाळून खातात. पुढचं वाक्य तुम्हीच पूर्ण करा.

‘पण पाणी तर वाचतं ना?’

वाचतं. हा टर्फच्या बाजूचा खरा मुद्दा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात गवताला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आमचं टक्कल दोन हजार चौरस फुटांचं, म्हणजे १८६ चौरस मीटर. हिशोब आला रोज साडेनऊशे लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचा एक टँकर दहा-अकरा दिवस. एप्रिलमध्ये टँकरसाठी भांडणाऱ्या सोसायटीला हे लहान नाही.

पण दोन गोष्टी विसरू नयेत. पावसाचे चार महिने गवताला पाणी द्यावंच लागत नाही. आणि मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, म्हणजे एसटीपी, असतो. त्याचं पाणी बागेलाच द्यायचं असतं. आमच्या एसटीपीचं पाणी सध्या पाइपातून थेट गटारात जातं, हे सभेत निघालं तेव्हा चेअरमनसाहेबांनी चहा मागवला. शिवाय टर्फ धुवावंही लागतं. कुत्री त्यावर शू करतात, आणि खाली माती नसल्यामुळे ती शू जिरवायला कुणी नसतं. वास मात्र राहतो.

‘गुडघे जातात म्हणे’

जुन्या नायलॉनच्या टर्फवर घसरलं की सालटं निघायची, भाजल्यासारखी. आताचं टर्फ त्यामानानं मऊ आहे, तरी कोपर-गुडघ्यांवरचे ते लाल पट्टे टर्फवर जाणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचे आहेत. खरा प्रश्न पकडीचा आहे. गवतावर पाय जोरात वळवला की माती थोडी सुटते, पाय सरकतो, गुडघा वाचतो. टर्फ बुटाला धरून ठेवतं. पाय तिथेच, शरीर वळलेलं, आणि मधला गुडघा पिळवटतो. दुखापती नक्की किती वाढतात यावर अभ्यासांचं एकमत नाही. खेळाडूंचं मत मात्र बऱ्यापैकी एका बाजूला आहे. कॅनडातल्या २०१५ च्या महिला फुटबॉल विश्वचषकाचे सगळे सामने कृत्रिम टर्फवर ठेवले, तेव्हा नामवंत खेळाडूंनी थेट कायदेशीर तक्रार केली होती. पुरुषांच्या २०२६ च्या विश्वचषकासाठी तर, एरवी टर्फ असलेल्या स्टेडियमांतही खरं गवत घालायचं ठरलं. आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तोही गवतावरच.

आपल्यासारख्या आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या चाळिशीतल्यांना मी एवढंच सांगेन की लांब खिळ्यांचे बूट टर्फवर घालू नका, छोट्या रबरी गुंड्यांचे टर्फ शूज मिळतात. आणि आधी पाच मिनिटं अंग मोकळं करा. गुडघा बहुतेकदा टर्फमुळे जात नाही. ऑफिसच्या खुर्चीतून उठून थेट धाव घेतल्यामुळे जातो.

आवाजाचं थोडक्यात: निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांनुसार. रात्री अकराला कुणी सिक्सर मारला की त्यानंतरची आरोळी किती डेसिबलची असते, ते टर्फशेजारी राहणाऱ्याला विचारा. सोसायटीच्या मधोमध टर्फ घालणार असाल तर वेळेचा नियम आधी करा, गालिचा नंतर.

जुनं झालं की?

चांगलं, नीट राखलेलं टर्फ आठ-दहा वर्षं चालतं. भाड्यानं रात्रंदिवस चालणारं त्याआधीच बसतं. राखलेलं म्हणजे काय? दर आठवड्याला ब्रश मारून पाती उभी करणं, भराव सारखा पसरणं, गेलेला भराव परत भरणं, सांधे उकलले की लगेच चिकटवणं. ‘मेंटेनन्स-फ्री’ हा शब्द कंत्राटदाराच्या पत्रात दिसला की तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा.

आणि मग एक दिवस ते उचलावं लागतं. पॉलिएथिलीनची पाती, पॉलिप्रॉपिलीनचं कापड, लॅटेक्सचा लेप, त्यात रुतलेली वाळू नि रबर. ही खिचडी वेगळी करणं महाग, म्हणून भंगारवालाही ती घेत नाही. युरोपात यासाठी खास कारखाने निघाले आहेत, तरी पुष्कळसं टर्फ जाळलं किंवा पुरलं जातं. आपल्याकडे ते गुंडाळी करून गोडाऊनच्या मागे किंवा डंपिंगवर. जुनं टर्फ परत नेण्याची जबाबदारी कुणाची, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, असं मी सभेत म्हटलं तेव्हा कंत्राटदाराचा माणूस पहिल्यांदाच गप्प झाला.

बाल्कनीतलं, भिंतीवरचं, दुभाजकातलं

खेळाच्या टर्फबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे. जिथे रोज दहा तास पोरं खेळणार, जिथे पाऊस आणि सावली गवताला जगू देत नाही, तिथे टर्फनं आपली किंमत वसूल केली असं म्हणता येतं. तोटे आहेत, पण त्यांच्या बदल्यात खेळायचे तास मिळतात.

शोभेच्या टर्फच्या बदल्यात काय मिळतं? रस्त्याच्या दुभाजकात, हॉटेलच्या भिंतीवर, लग्नाच्या हॉलच्या पायऱ्यांवर ते कुणाच्याच पायाखाली येत नाही, फक्त डोळ्यांना हिरवं दिसतं. उष्णता तीच, प्लास्टिक तेच, आणि खालच्या मातीचा श्वास बंद. ज्या मातीवर टर्फ येतं तिथली गांडुळं जातात, पाणी मुरायचं कमी होतं, पहिल्या पावसाचा वास जातो. बाल्कनीत तर त्या पैशांत कुंड्या येतात. ज्यांना झाडांना पाणी घालायचाही वेळ नाही, त्यांनी साधी फरशी ठेवावी. ती निदान पुसता येते.

कमी उजेडाच्या जागी हरळीचा हट्ट सोडला तर खऱ्या झाडांचे पर्याय आहेत. माळीकाकांनी आमच्या टकलाच्या एका कोपऱ्यात, कुणाला न विचारता, नेचे आणि सिंगोनियम लावलेत. तिथे खेळता येणार नाही हे खरं, पण पावसाळ्यात त्यांनी हातभर जागा झाकली.

सभेचा निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. अर्धी जागा मुलांच्या खेळाला द्यायची, तिथे खेळाचंच टर्फ, वाळूचा भराव, कडेला कठडा, आणि उरलेला अर्धा भाग माळीकाकांकडे, असा प्रस्ताव मी लिहून दिलाय. पोडियमच्या स्लॅबची गळती आधी बघा, असं एका इंजिनिअर काकांनी त्यात जोडलं, आणि ते अगदी बरोबर आहे. गळती टर्फखाली गेली की कुठून येते ते वर्षानुवर्षं कळत नाही. कंत्राटदाराकडून नवा नमुना मागवलाय, या वेळी डीटेक्सच्या आकड्यासह.

पहिला नमुना मी काल सोसायटीच्या ऑफिसात परत केला. आज सकाळी बघितलं तर सेक्रेटरींनी तो दाराबाहेर पायपुसणं म्हणून टाकलाय, उलटा.